आकडे पाहण्याची नोकरी

(सांगली येथे बौद्ध पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेत मी आपणांपुढे वारसाहक्काच्या कायद्यावर बोललो होतो. सभा संपून मी चपला घालीत असता मिरजेकडील एका माउलीने मला थांबविले आणि विचारले, "वकीलसाहेब, आमची पोरगी पुण्याला कंपनीत आकडं बघती म्हणं. नुसतं आकडं बघायचा पगार कोण देतंय हो?" मी हसलो आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी पोहोचल्यावर मात्र मला त्या हसण्याची लाज वाटली. प्रश्न अगदी योग्य होता. आपली मुलगी दिवसाचे दहा तास काय करते हे आईला शेजारणीस सांगता येत नाही, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. म्हणून आजचे भाषण त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. ती माउली आज पुढच्याच रांगेत बसली आहे आणि तिची मुलगीही सुटी काढून आली आहे. मी चुकलो तर ती मला सर्वांदेखत दुरुस्त करील.

ह्या कामाला इंग्रजीत फायनान्शियल डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणतात. आपण त्यास पैशाच्या नोंदींची छाननी करणारा म्हणू. बँक, विमा कंपनी, कर्ज देणारी कंपनी, साखर कारखाना यांच्याकडे रोज हजारो नोंदी जमा होतात. कोणी किती घेतले, कधी फेडले, कोणत्या तारखेस हप्ता चुकला, तारण काय, जामीनदार कोण, हे सर्व त्यांत असते. ह्या नोंदींतून खरे काय घडते आहे ते हुडकून काढणे आणि ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्याच्यापुढे ते स्पष्ट मांडणे, एवढेच ते काम.

सांगलीकरांस हे समजावयास अवघड जाऊ नये. हरिपुरास जमिनीखाली हळदीची पेवे होती. पोती आत उतरवून पेव बंद केले की हळद अंधारात पडून राही आणि वर व्यवहार चाले तो पावतीवर. पावती हातोहात फिरे, भाव चढे-उतरे, पण आत हळद किती आणि ती कशी आहे हे पेव उघडल्यावाचून कळत नसे. बँकेचा ताळेबंद ही तशीच एक पावती आहे. विश्लेषकाचा धंदा असा की, पेव न उघडता, केवळ पावत्या, तारखा आणि तोलाच्या चिठ्ठ्या एकमेकींशी ताडून आत काय असेल याचा अदमास बांधणे आणि तो अदमास कोठवर खरा धरावा हेही प्रामाणिकपणे सांगणे. ह्यांतला दुसरा भाग पुष्कळ जण विसरतात.

कामाचा दिवस कसा जातो हे मी त्या मुलीकडूनच ऐकले. दहा तासांतील सहा तास नोंदी स्वच्छ करण्यात जातात. एका फाइलीत "पाटील" तर दुसरीत "पाटिल". एकीत जन्मतारीख आधी दिवस मग महिना अशी, तर दुसरीत उलटी. एकाच बाईचे नाव माहेरचे एकदा आणि सासरचे एकदा. यंत्राच्या लेखी ही दोन माणसे असतात. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हे तिला पहिल्याच महिन्यात शिकावे लागले. हप्ता भरला नाही ही एक गोष्ट आणि भरला की नाही हे लिहिलेच नाही ही दुसरी. एक्सेल, एसक्यूएल, पायथन ही तिची हत्यारे. ती सहा-आठ महिन्यांत हाताला बसतात. शंका घेण्याची सवय बसावयास मात्र वर्षे लागतात. महिनाअखेर आली की रात्रीचे अकरा वाजतात, डोळे चुरचुरतात. काम बरोबर झाले तर कोणी नावही काढीत नाही. एक ओळ खालीवर झाली तर सारी कचेरी जमा होते. आणि अधूनमधून वरचा साहेब येऊन म्हणतो, "हा आकडा जरा बरा दिसेल असे काही करता येईल का?" त्या वेळी काय उत्तर द्यावयाचे हे कोणत्याही पुस्तकात नाही.

आता आपल्यातले काही वडीलधारे म्हणतील, हे परक्यांचे, पेढीवाल्यांचे काम. आमच्या घरात हे कोठून आले? त्यांस मी सातारा जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. सातारा जिल्हा म्हणतो तेव्हा त्यात सांगलीही आली, कारण १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघेपर्यंत ह्या भागाचा मोठा तुकडा साताऱ्यातच होता आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. १९०१ च्या सुमारास दुष्काळी कामे चालू असता खटाव तालुक्यात एका तलावाचे खोदकाम सुरू होते. तेथे रोखपालाच्या जागेवर सुभेदार रामजी आंबेडकर होते. मजुरांच्या पगाराचा पैसा ज्याच्या हातून जातो तो हा माणूस. त्यांची मुले तेव्हा साताऱ्यास शिकत होती. नऊ-दहा वर्षांचे भिवा, थोरला भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांस भेटावयास रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नवे कपडे होते. जात कळल्यावर कोणी गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, आणि तेही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावयाची व गाडीवानाने बाजूने चालावयाचे. पुढचे हाल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. ते आपणांपैकी बहुतेकांनी वाचले असतील. मी वकील म्हणून त्यातला एवढाच तपशील उचलतो, की त्या मुलांनी दामदुप्पट दिले आणि काम स्वतःच केले. अस्पृश्यतेची किंमत पैशात मोजता येते हे त्या रस्त्यावर दिसले होते.

हाच मुलगा १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. झाला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराच्या व वित्तव्यवस्थेच्या अभ्यासावर. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअर्स व रोखे यांच्या व्यापाऱ्यांस सल्ला देणारी एक पेढी काढली होती, ही गोष्ट आपल्या सभांतून फारशी सांगितली जात नाही. पेढी प्रथम चालली. सल्ला देणारा कोण आहे हे गिऱ्हाइकांस कळले, तेव्हा गिऱ्हाईक बंद झाले. सल्ला तोच होता, आकडे तेच होते. आज ज्यास वित्तीय विश्लेषक म्हणतात ते काम आपल्यात पहिल्याने कोणी केले, असे मुलांनी विचारले तर हे उत्तर द्यावे. पुढे १९१८ पासून ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबनीसांच्या शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. कायदा आणि खतावणी एकाच माणसाच्या डोक्यात नांदत होती. माझ्यासारख्या वकिलास याचा थोडा हेवाही वाटतो.

१९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ मी कॉलेजात असताना प्रथम उघडला आणि घाबरून मिटला. नंतर कधीतरी, एका बँकेच्या दाव्यासाठी, तो नेटाने वाचला. त्यातली युक्ती साधी आहे. चांदीचा रुपया १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, तो १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. गिरणीमालक व निर्यातदार म्हणत की, रुपया स्वस्त झाला हे देशाच्या भल्याचेच, कारण परदेशी विकलेल्या मालाचे जास्त रुपये हाती येतात. बाबासाहेबांनी विचारले की, हा नफा आला कोणाकडून? किमती वाढल्या, मजुरी मात्र त्या मानाने वाढली नाही. म्हणजे नफा बाहेरून आलाच नव्हता. तो गिरणीतल्या मजुराच्या पगारातून सरकून मालकाच्या वहीत गेला होता. देशाची एकूण बेरीज पाहिली तर हे दिसत नाही. बेरीज फोडून, कोणाच्या वाट्यास काय आले हे पाहिले तरच दिसते. केन्ससारख्या पंडिताने ज्या चलनपद्धतीची बाजू घेतली होती तिच्याविरुद्ध त्यांनी मत मांडले, आणि ज्या एडविन कॅनन यांच्याकडे ते शिकले त्यांनी प्रस्तावना लिहिली ती आपला मतभेद नोंदवून. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्षही झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो; काहींस ती रुचणार नाही. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ह्या ग्रंथावरूनच उभी राहिली असे व्यासपीठावरून ठोकून सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला, १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली आणि आयोगापुढील साक्षीदारांत बाबासाहेब होते, इतके कागदावर आहे. जितके कागदावर आहे तितकेच बोलावे. आपल्या मुलांस आपण आकड्यांशी इमान राखावयास सांगणार आणि आपण मात्र सभेत आकडा फुगविणार, हे जुळत नाही.

त्यांचा १९१८ सालचा लहान शेतजमिनींवरील निबंध मला आजच्या विषयास अधिक जवळचा वाटतो. त्या वेळी सर्व पंडित म्हणत होते की, हिंदुस्थानची शेती मागासलेली आहे, कारण तुकडे लहान आहेत; ते एकत्र करा. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवरून कसे ठरविता? त्याला जोडलेले बैल, अवजारे, भांडवल आणि राबणारे हात किती, त्या मानाने तो लहान किंवा मोठा. शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, तो कारखान्यांकडे वळविल्यावाचून तुकडे जोडून काय होणार? एकाच रकान्याकडे पाहून निष्कर्ष काढू नये, हा धडा त्यात आहे.

हा धडा पुढच्या रांगेतल्या मुलीने कसा वापरला ते ऐका. तिच्या कंपनीत लहान कर्जांची छाननी चालू होती. कोणत्या पिनकोडात हप्ते चुकतात त्याची यादी करून तेथे कर्ज कमी द्यावे, असा हुकूम होता. यादी लावताना तिला वरच्या ओळींत जत आणि आटपाडीकडील पिनकोड दिसले. त्यांतल्या एकात तिचे आजोळ. जातीचा रकाना त्या फाइलीत कोठेच नव्हता, आणि तरीही ज्या वस्त्यांना कर्ज नाकारले जाणार त्या कोणाच्या आहेत हे तिला ठाऊक होते. तिने लगेच आरडाओरड केली नाही. प्रथम तिने स्वतःवरच शंका घेतली, की मी आपली माणसे म्हणून तर पाहत नाही ना? मग तिने तारखा काढल्या. हप्त्याची तारीख होती दर महिन्याची पाच. ह्या भागातली कुटुंबे ऊसतोडीस जातात. दसऱ्याच्या सुमारास उचल मिळते, हंगाम ऐन थंडीत चालतो आणि कारखाना बंद होताना मुकादमाशी हिशेब फिटतो. मधल्या महिन्यांत हाती रोकड नसते. दर महिन्याच्या पाच तारखेस पाहिले तर ही माणसे बुडवी दिसत होती. हंगामाअखेर पाहिले तर त्यांतल्या बहुतेकांची फेड पूर्ण होती. तिने साहेबांपुढे दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले. साहेब वाईट माणूस नव्हता, पण घाईत होता. त्याने ती यादी एका हंगामापुरती थांबविली. पुढे काय होईल ते ठाऊक नाही. तिला स्वतःलाही ठाऊक नाही. हे ती मला दोनदा म्हणाली.

रकान्याचे महत्त्व आपणांस तरी कोणी समजावून सांगावे? १९५६ साली दीक्षा घेतल्यानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांस जागा नव्हती. ती १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मिळाली. मधली चौतीस वर्षे आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी नोकरीच्या अर्जावर एक लिहावे की दुसरे ह्या कात्रीत काढली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. नोंद झाली की मागणी करता येते. आपल्या हक्काच्या निधीचेही तसेच आहे. अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचे सुमारे ७४४ कोटी रुपये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांकडे वळविले गेले, हे २०१० साली बाहेर आले ते माहितीच्या अधिकारात कागद मागवून, अंदाजपत्रकाची पाने एकमेकांशी ताडून. मोर्चाही निघाला असेल, पण प्रथम कोणीतरी बसून बेरीज केली होती.

माझ्या वकिलीतील एक प्रकरण सांगतो. संस्थेचे व माणसांचे नाव घेत नाही. एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेने ठेवी परत करणे थांबविले. ठेवीदारांत नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या झाडूवाल्या बाया होत्या. जन्माची पुंजी तेथे होती. मला कर्जखात्यांची यादी मिळाली, तीनशेच्या वर खाती. मी पेन्सिल घेऊन तीन आठवडे बसलो आणि डोळे बिघडवून घेतले. शेवटी ह्याच मुलीस हाक मारली. एका संध्याकाळी तिने यादी तारखेप्रमाणे लावली आणि म्हणाली, "काका, ही २९ खाती बघा. जुने कर्ज ज्या दिवशी फिटले त्याच दिवशी नवे दिले आहे, रक्कम थोडी वाढवून. आणि जामीनदार फिरून फिरून तेच चार." म्हणजे फेड झालीच नव्हती; एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले होते, आणि वहीत थकबाकी शून्य दिसत होती. मी आनंदाने उठलोच. तिने मला बसविले. पुढचे चार दिवस ती नावांची शहानिशा करीत राहिली आणि शेवटी म्हणाली, "यातली दोन खरी असावीत. दोघांनी खरेच फेडून पुन्हा घेतले आहे. ती यादीतून काढा." माझी बाजू त्याने दुबळी होत होती, तरी मी ती काढली. उलटतपासणीत प्रतिपक्षाच्या वकिलाने नेमका त्याच दोन खात्यांवर हात घालावयाचे ठरविले होते, हे मला नंतर कळले.

ज्यांची मुले ह्या धंद्यात आहेत त्यांनी एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्रातून काढलेला कागद कोर्टात आपोआप पुरावा ठरत नाही. तो कोणत्या यंत्रातून, कोणी, कसा काढला याचे प्रमाणपत्र सोबत लागते. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ६५ ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आहे. प्रमाणपत्राअभावी चांगले चांगले दावे आडवे झालेले मी पाहिले आहेत.

आता त्या मुलीच्या वडिलांचा प्रश्न. ते मागे उभे आहेत, कारण त्यांस बसावयास सांगितले तरी ते बसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारले होते की, खासगी कंपनीत जाऊ द्यावी की बँकेच्या नाहीतर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसवावी? मी ताबडतोब सांगितले, परीक्षेस बसवा; खासगीत राखीव जागा नाहीत, उद्या काढून टाकले तर दाद कोठे मागणार? माझी भीती पोकळ नव्हती. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींस ४,८०८ अर्ज धाडले होते. शिक्षण सारखे, फरक आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जदारास पुढचे बोलावणे येण्याचा संभव सवर्ण आडनावाच्या दोनतृतीयांशच भरला. ह्या मुलीलाही मुलाखतीत "घरचे काय करतात?" असे तीनदा विचारले गेले. जेवणाच्या टेबलावर तिचे आडनाव ऐकून बोलणे थांबते तो क्षण तिने मला सांगितला आहे. तो मी येथे उलगडीत नाही.

तरी माझा सल्ला अर्धाच बरोबर होता. मी केवळ सुरक्षितपणा पाहिला; ज्या खोलीत यादी तयार होते त्या खोलीत आपले कोणी बसलेले असावे, हे पाहिले नाही. सरकारी जागा सोडा असे मी आजही म्हणत नाही. ज्या घरात एकच मिळवते माणूस आहे तेथे परीक्षा आधी. पण दोन मुले शिकत असतील आणि एकीचे गणिताशी जमत असेल, तर तिला वाणिज्य किंवा संख्याशास्त्र घेऊ द्या आणि ही नोकरी म्हणजे वाया गेली असे समजू नका. पगार सुरुवातीस फार मोठा नसतो. जाहिरातीत दाखवितात तसा तर नसतोच. शिकवणीवर्गवाले तीन महिन्यांत विश्लेषक करून देतो म्हणून लाखभर रुपये मागतात. पैसे देण्याआधी कागद मला दाखवा.

जाता जाता ठेवींविषयी. बँकेतील ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. १९६२ साली ते १,५०० रुपयांपासून सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदारास दर बँकेत मुद्दल व व्याज धरून ५ लाखांपर्यंत आहे. सांगलीतल्याच एका सहकारी बँकेचा परवाना २००९ साली रद्द झाला तेव्हा ही मर्यादा एक लाख होती. ज्यांचे त्याहून अधिक होते त्यांची घरे आपणांस ठाऊक आहेत. पतसंस्थेस हा विमा लागू नाही. पाटीवर "बँक" असे मोठे अक्षर दिसले तरी खाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा आणि पावती कोणाच्या नावची निघते ते पाहा.

त्या बायांच्या दाव्याची पुढची तारीख लागली आहे. येत्या रविवारी दुपारी दोन वाजता मी येथेच बसणार आहे. ज्यांच्या ठेवी कोठे अडकल्या असतील त्यांनी पासबुक, ठेवपावत्या आणि संस्थेकडून आलेली कोणतीही चिठ्ठी, फाटकी असली तरी, घेऊन यावे. मुलगी चार वाजेपर्यंत आहे. तिला रात्रीच्या गाडीने पुण्यास परतावयाचे आहे, कारण सोमवारी महिनाअखेर आहे.